शिवी आणि थप्पड

“त्यानें शिवी दिली, म्हणून मीं मारलें,” हा जबाब न्यायासनासमोर फार प्राचीन काळापासून येत आला आहे. त्याची किंमत काय धरावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कारण मनुष्याचा मान आणि त्याचें शरीर हीं दोन्ही तेथें एकाच तराजूंत पडतात.

आमच्या स्मृतिकारांनीं वाक्पारुष्य व दंडपारुष्य, म्हणजे शिवीगाळ व मारहाण, हीं व्यवहारपदें शेजारीं शेजारींच मांडलीं. त्यांत नारदाचा निर्णय मार्मिक आहे. कलहाचा आरंभ करणारा दोषी खराच. मागाहून उलटणाराही निर्दोष नव्हे. परंतु अधिक दंड पहिल्यास.

इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या आरंभीं न्यायाधीशांनीं याच्या उलट दंडक घातला. शब्द कितीही झोंबणारे असोत, केवळ तेवढ्यानें खुनाचा दोष हलका होत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. त्याच परंपरेंत वाढलेल्या मेकॉलेनें मात्र हिंदुस्थानासाठीं १८३७ सालीं सादर केलेल्या मसुद्यांत निराळी वाट धरिली. कुलीन स्त्रीच्या झांकलेल्या पालखींत कोणी उद्दामपणें डोकें खुपसलें, तर तो अपमान शारीरिक जखमेहूनही अधिक क्षोभ उत्पन्न करील, असें त्याच्या टिपणांत म्हटलें आहे.

१८६० च्या दंडसंहितेंत हा विचार अंकांत उतरला. साध्या हल्ल्यास कलम ३५२ प्रमाणें तीन महिन्यांपर्यंत कैद होती. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभानें केलेल्या हल्ल्यास कलम ३५८ प्रमाणें एकच महिना. तो प्रक्षोभ मात्र निमित्तासाठीं मुद्दाम ओढवून घेतलेला नसावा. उलट, शांतताभंग व्हावा या हेतूनें अपमान करणारास कलम ५०४ प्रमाणें दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शके. नारदाचा न्याय जणूं दुसऱ्या दारानें परत आला!

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही ही तारतम्याची मांडणी कायम आहे. योगायोग असा कीं, पूर्वीं हल्ल्याचें असलेलें ३५२ हें कलम आतां अपमानाचें झालें आहे.

या साऱ्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थप्पड मारणारास शिवीमुळें सूट मिळाली ती शिक्षेंत; दोषांतून सुटका नाहीं. शिवाय ती सूट त्या क्षणापुरतीच; रात्रभर जोपासून सकाळीं काढलेला राग आकस्मिक नव्हे. मनुष्याच्या क्षणिक दौर्बल्याची कायदा दया करितो. त्या दौर्बल्याचा हक्क मात्र होऊं देत नाहीं.