विलीनीकरण आणि खादीची मजुरी

कंपन्या एक झाल्या म्हणजे स्पर्धा घटते, हा अर्थशास्त्रातील परिचित विचार होय. सेवाग्राम येथे १९४८ साली स्थापन झालेल्या सर्व सेवा संघात चरखा संघ (१९२५) व ग्रामोद्योग संघ (१९३४) पुढे विलीन झाले. तेथे मात्र तो अपुरा पडतो. चरखा संघाचे बळ सूतखरेदीत व प्रमाणपत्रात होते. मोठा खरेदीदार सहसा मजुरी पाडतो. संघाने १९३५ मध्ये कातणाऱ्यांसाठी किमान मजुरीचे धोरण स्वीकारून ती चढविली. खादी महागली, आणि कमी मजुरीच्या सुताची अप्रमाणित खादी विकणारा व्यापारी प्रतिस्पर्धी ठरला. त्याला आवरणारा बांध एकच, प्रमाणपत्र. विलीनीकरणाने हा बांध उंचावला नाही. १९५३ चे खादी-ग्रामोद्योग मंडळ व १९५७ चा आयोग यांच्या काळात अर्थसाहाय्याप्रमाणेच प्रमाणपत्राचे कामही शासकीय यंत्रणेकडे गेले.