पेसमेकरनंतरची चक्कर

पेसमेकरनंतरची चक्कर : हृदयाचे ठोके मंद पडतात म्हणून पेसमेकर बसवला, तरीही उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोल जाणे किंवा क्षणभर भान हरपल्यासारखे होणे. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे, आणि त्याचे खापर दर वेळी यंत्रावर फोडता येत नाही. पेसमेकर ठोक्यांची किमान संख्या राखतो, बहुधा मिनिटाला 60. रक्तदाब राखणे त्याचे काम नाही. नागपुरात मे महिन्यात येणारी बरीचशी घेरी या दोहोंतल्या फटीतून येते.

मराठीत घेरी, भोवळ, झीट आणि गरगरणे असे वेगवेगळे शब्द असूनही दवाखान्यात सगळे ‘चक्कर’ या एकाच शब्दात गुंडाळले जाते. घेरी किंवा भोवळ म्हणजे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडणे. खोली फिरते आहे असे वाटणे हे गरगरणे, आणि ते बहुधा कानातून येते. कूस बदलताना किंवा फडताळावर वर पाहताना काही सेकंद गरगरत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागचे हललेले असू शकतात. डोके ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर ते बसवतात. त्याचा पेसमेकरशी संबंध नाही. नुसते ‘चक्कर येते’ एवढेच सांगणारा रुग्ण अर्धी माहिती घरीच ठेवून येतो, आणि ‘पित्त चढले असेल’ म्हणून घरी बसणारा तर सगळीच.

ठोके थांबल्याने येणाऱ्या झटक्यांचे वर्णन आयर्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1827 मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी 1846 मध्ये केले. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत 2001 पर्यंत जगले.

यंत्रामुळेच चक्कर येण्याचा एक प्रकार ‘पेसमेकर सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. एकाच तारेचा पेसमेकर बहुधा फक्त खालच्या कप्प्याला ठोका देतो. वरचा कप्पा आपल्या तालात चालतो, आणि कधी कधी झडप बंद असतानाच आकुंचन पावतो. मग रक्त मानेतल्या शिरांकडे उलटे ढकलले जाते, रक्तदाब उतरतो, मानेत धडधड जाणवते, थकवा येतो. दोन तारांचे यंत्र हा ताल पुष्कळसा जुळवते, पण ते महाग पडते. खर्चाकडे पाहून एक तार निवडलेल्या घरात ‘मशीन बसवूनही तसेच’ ही तक्रार ऐकू आली, तर ती मनाची समजूत म्हणून उडवून लावू नये. काही यंत्रांत ठोक्यांची किमान मर्यादा बदलूनही फरक पडतो.

यंत्राशी संबंधित बाकीची कारणे तारेत, बॅटरीत किंवा सेटिंगमध्ये सापडतात. पहिल्या काही आठवड्यांत तार जागची सरकू शकते, म्हणून त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका असे सांगतात. काही जण कातडीखालचे यंत्र बोटांनी सतत चाळवत राहतात. त्याने तार गुंडाळली जाऊन हृदयातून निघू शकते. या प्रकाराची नोंद 1968 मध्येच झाली आहे. बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षे टिकते. ती संपत आली की दोन तारांची काही यंत्रे वीज वाचवण्यासाठी आपोआप एका तारेवर येतात. दहा वर्षे ठणठणीत असलेल्या माणसाला अचानक थकवा आणि घेरी सुरू झाली, तर हे आधी तपासावे.

तपासणीला वेळ लागत नाही. छातीवरच्या उंचवट्यावर एक चपटे यंत्र टेकवतात आणि पडद्यावर ठोक्यांच्या रेषा उमटतात. तंत्रज्ञ ‘आता थोडे वेगळे वाटेल’ म्हणतो आणि विजेची मात्रा पायरीपायरीने उतरवतो. एखादा ठोका चुकतो, रुग्ण खाट धरतो, मात्रा परत वाढते. घरी येणारी चक्कर अशीच होती का, हे त्याच क्षणी विचारून घेतले पाहिजे.

आता नागपूरचा उन्हाळा. पारा 45 अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही, आणि 25 मेच्या सुमारास लागणारा नवतपा तर सर्वांच्या तोंडी असतो. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि हिवाळ्यात ठरवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या तशाच चालू असतात. त्यात लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी असेल तर आणखी भर. पहाटे उठून थेट बाथरूमकडे गेलेला माणूस तिथेच कोसळतो. ठोका 60 असतो, दाब नसतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर घेरीचे कारण हेच असण्याची शक्यता मोठी. ही तपासणी कोणताही डॉक्टर करू शकतो, तरी ती क्वचितच होते. पन्हे आणि मठ्ठा चांगलेच, पण हृदय कमकुवत असलेल्याने किंवा रक्तदाब चढा असलेल्याने मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गोळ्या मनाने बंद करणेही वाईटच. उन्हाळ्यापुरत्या कमी करायच्या का, हा प्रश्न एप्रिलमध्येच विचारावा.

कूलरची शंका नागपुरात हमखास विचारली जाते. चालू कूलरजवळ बसण्याने पेसमेकरला काही होत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल आणि ओल्या हाताने त्याला स्पर्श झाला, तर मात्र जाणवणारही नाही इतका झिरपता प्रवाह यंत्र हृदयाचाच ठोका समजू शकते आणि स्वतःचा ठोका देणे थांबवू शकते. अर्थिंग दुरुस्त करणे हा त्यावरचा उपाय. मोबाइल यंत्राच्या बाजूच्या शर्टच्या खिशात न ठेवता यंत्रापासून 15 सेंटिमीटर दूर ठेवावा.

घेरी येताच जागीच बसावे किंवा आडवे व्हावे, पाय एकमेकांवर टाकून आवळावे, मुठी घट्ट धराव्या. पलंगावरून उठताना आधी काठावर बसून पाय हलवावे. मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती ठरवलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल तर त्याच दिवशी दाखवावे. अधलेमधले जादा ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून हा आकडा फसवूही शकतो. पूर्ण शुद्ध हरपली, छातीत दुखले, सतत उचकी लागली, किंवा यंत्राच्या जागी सूज, पू वा ताप आला, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. कारण सापडेपर्यंत दुचाकी चालवू नये. पायडल मारायच्या सायकललाही हेच लागू.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (‘मेडिकल’), त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय (‘सुपर’) आणि मिहानमधले एम्स ही मोठी सरकारी ठिकाणे. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण इथे येतात, आणि तपासणीसाठी पुन्हा तेवढाच प्रवास करतात. त्यांची अडचण अशी की एका कंपनीचे तपासणी-यंत्र दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचत नाही. कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख लिहिलेले छोटे कार्ड रुग्णाला मिळते. ते कपाटात न ठेवता पाकिटात ठेवावे, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. हरवले असेल तर जिथे यंत्र बसवले तिथून नवे मागून घ्यावे. तोवर छातीच्या एक्स-रेवरूनही कंपनी ओळखता येते.