बिनसत्तेचा राजा

राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शिवछत्रपती उभे राहतात. स्वतः मोहिमेवर जाणारे, स्वतः न्याय करणारे. युरोपातल्या नॉर्वे देशातही राजा आहे, पण तिथला कारभार लोकांनी निवडलेली संसद आणि मंत्रिमंडळ पाहते. कायद्यावर सही राजाची, निर्णय मात्र त्यांचा. मग असा राजा हवाच कशाला? मी सातवी शिकलेली बाई. पण ह्याचे उत्तर मला राजे हाकोन सातवे यांच्या चरित्रात सापडले.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. नॉर्वेने डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल यांना गादी देऊ केली. ते म्हणाले, "आधी लोकांना विचारा." मतदान झाले. सुमारे २ लाख ६० हजार मते राजाच्या बाजूने पडली, ६९ हजार विरुद्ध. बायकांना तेव्हा मत नव्हते; तो हक्क सर्व बायकांना १९१३ साली मिळाला. कार्ल यांनी हाकोन हे नाव घेतले.

९ एप्रिल १९४० रोजी हिटलरचे सैन्य देशात घुसले. राजे, मंत्री व संसद राजधानी ओस्लो सोडून निघाले. दुसऱ्या दिवशी एल्वेरुम गावी जर्मन वकील राजांना भेटला. हिटलरच्या बाजूच्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा, अशी त्याची मागणी. राजांनी परस्पर उत्तर दिले नाही. मंत्र्यांपुढे येऊन ते म्हणाले की निर्णय तुमचा. पण तुम्ही हे मान्य केलेत, तर मी गादी सोडीन. मंत्र्यांनी मागणी फेटाळली. ११ एप्रिलला राजे होते त्या गावावर बाँब पडले. त्यांना रानात आसरा घ्यावा लागला. ७ जूनला ते इंग्लंडला निघाले आणि बरोबर पाच वर्षांनी, ७ जून १९४५ रोजी, परतले. मधल्या काळात लोक भिंतींवर त्यांच्या नावाचे आद्याक्षर आणि सातचा आकडा लिहीत. एवढ्या खुणेनेही त्यांना धीर येई.

राजांनी हुकूम सोडला नाही, कारण तो हक्कच नव्हता. त्यांनी फक्त स्वतःची गादी पणाला लावली. घरातल्या किल्ल्या सुनेकडे गेल्या, तरी अडल्या वेळी थोरल्या सासूबाईंच्या शब्दाला वजन असते, तसेच हे. ते वजन मागून मिळत नाही, वागणुकीने येते. त्यांचे पुत्र राजे ओलाव्ह हे १९७३ च्या तेलटंचाईत मोटार ठेवून रेल्वेने गेले, आणि तिकिटाचे पैसे देऊ लागले.

गादी जन्माने मिळावी हे मला आजही पटत नाही. आपले निवडलेले राष्ट्रपतीच मला बरे वाटतात. पण हातात सत्ता नसतानाही 'नाही' म्हणता येते, हे हाकोन राजांकडून शिकावे.