क्रीडाविजय आणि विस्मरण : अलेक्झांड्रियातील टी. सी. विल्यम्स हायस्कूल

प्रस्तावना :
अमेरिकेच्या राजधानीलगत, पोटोमॅक नदीच्या काठी व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया हे शहर वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र शासनाच्या नोकरवर्गाची वस्ती वाढत जाऊन या जुन्या बंदराला वॉशिंग्टनच्या उपनगराचे स्वरूप प्राप्त झाले. येथील टी. सी. विल्यम्स हायस्कूल ही सार्वजनिक शाळा १९६५ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की श्रीमंतांची खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र लोकांच्या करातून चालणाऱ्या, विनाशुल्क शाळेस ही संज्ञा लावली जाते. 'रिमेंबर द टायटन्स' (२०००) या चित्रपटामुळे या शाळेचा फुटबॉल संघ जगभर परिचित झाला. खेळाने दोन वर्णांच्या मुलांना एकत्र आणले, असा त्या चित्रपटाचा आशय आहे. कागदोपत्री इतिहास पाहता घटनांचा क्रम उलट दिसतो. एकत्रीकरण न्यायालये आणि शिक्षण मंडळ यांच्या निर्णयांतून आले आणि विजयी संघ त्यातून घडला. हा क्रम उलटल्यामुळे काय झाकले गेले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्कर-ग्रे आणि विभक्त शिक्षण :
अलेक्झांड्रियातील कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२० मध्ये पार्कर-ग्रे ही शाळा सुरू झाली. माध्यमिक वर्ग तेथे पुढे जोडले गेले. तोपर्यंत पुढील शिक्षणासाठी मुलांना वॉशिंग्टन गाठावे लागे. तुटपुंज्या साधनांत चाललेल्या या शाळेची क्रीडापरंपरा मात्र मोठी होती. १९४६ मध्ये येथून उत्तीर्ण झालेले अर्ल लॉइड हे ३१ ऑक्टोबर १९५० रोजी एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या सामन्यात उतरणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. म्हणजेच, चित्रपट ज्या शहरातील कृष्णवर्णीय खेळाडूंची कथा १९७१ पासून सुरू करतो, त्या शहराने दोन दशके आधीच राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू दिला होता.

१९५४ च्या ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. व्हर्जिनियात सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नेतृत्वाखाली त्यास संघटित विरोध झाला. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटी येथील काही शाळांना टाळे लावण्यात आले. मुले एकत्र बसण्यापेक्षा शाळाच नको, अशी ही भूमिका होती. अलेक्झांड्रियाचे शिक्षण अधीक्षक थॉमस चेंबलिस विल्यम्स हे याच विचाराचे होते. मुलांच्या वतीने दाखल झालेल्या खटल्यात सहभागी झाल्याबद्दल ब्लोईस हंडली या शाळेतील स्वयंपाकीण बाईंना त्यांनी १९५८ मध्ये नोकरीवरून काढून टाकले. अखेर न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी १९५९ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शहरातील श्वेतवर्णीयांच्या शाळांत प्रवेश मिळाला. सहा वर्षांनी उभ्या राहिलेल्या नव्या हायस्कूलला नाव देण्यात आले ते याच विल्यम्स यांचे. त्याच वर्षी पार्कर-ग्रे हायस्कूल बंद झाले. एकीकरणाची किंमत कृष्णवर्णीय समाजाने आपली शाळा गमावून मोजली, ही बाब क्रीडाकथेत सहसा येत नाही.

१९७१ चा मोसम :
१९७१ पर्यंत शहरातील हॅमंड, जॉर्ज वॉशिंग्टन आणि विल्यम्स ही तिन्ही हायस्कुले कागदोपत्री एकात्म होती. वर्णांचे प्रमाण मात्र विषम होते. मे १९७० मध्ये एका दुकान कर्मचाऱ्याच्या गोळीने कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्याने शहरात तणाव होता. यावर तोडगा म्हणून शिक्षण मंडळाने शहरातील अकरावी-बारावीचे सर्व विद्यार्थी विल्यम्स हायस्कूलमध्ये आणि नववी-दहावीचे विद्यार्थी अन्य दोन शाळांमध्ये पाठविण्याचे ठरविले. कालपर्यंत मैदानावर परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले तीन संघ एका रात्रीत एक झाले. शहरातील वरच्या वर्गांतले निवडक खेळाडू एकाच गणवेशात आल्यावर संघ बलाढ्य होणे स्वाभाविक होते. विजयाचे श्रेय केवळ बंधुभावास देणाऱ्यांनी हे साधे गणितही ध्यानात घ्यावयास हवे.

मुख्य प्रशिक्षकपदी कृष्णवर्णीय हर्मन बून यांची नेमणूक झाली आणि हॅमंडचे अनुभवी श्वेतवर्णीय प्रशिक्षक बिल योस्ट यांनी त्यांच्या हाताखाली काम करणे स्वीकारले. ऑगस्टमध्ये गेटिसबर्ग येथे सराव शिबिर झाले. संघाने तेराही सामने जिंकले. रोअनोक येथील अंतिम सामन्यात अँड्र्यू लुईस हायस्कूलचा २७-० असा पराभव झाला. यात नाट्य फारसे नव्हते. मोसमातील खरी चुरशीची लढत मार्शल हायस्कूलशी झाली होती, २१-१६ अशी. चित्रपटाने तीच उचलून शेवटी नेऊन ठेवली. कर्णधार गेरी बर्टिअर यांचा मोटार अपघातही चित्रपटात अंतिम सामन्यापूर्वी होतो. प्रत्यक्षात तो विजेतेपद मिळाल्यानंतर, डिसेंबर १९७१ मध्ये घडला. कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावरही बर्टिअर यांनी चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंच्या स्पर्धांत गोळाफेकीत नाव कमावले. १९८१ मध्ये दुसऱ्या एका मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

शाळेचे क्रीडाजीवन फुटबॉलपुरते मर्यादित राहिले नाही. पोटोमॅकवरील नौकानयन ही तिची जुनी परंपरा होय. येथेच शिकलेल्या नोआ लाइल्स यांनी २०१६ मध्ये ऑलिंपिक निवड चाचणीत २०० मीटर अंतर २०.०९ सेकंदांत कापून अमेरिकेतील हायस्कूल पातळीवरचा विक्रम केला. पुढे पॅरिस येथे २०२४ मध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक त्यांनी सेकंदाच्या पाच हजारांश फरकाने मिळविले.

नामांतर :
वर्णविभाजनाच्या समर्थकाचे नाव धारण करणारी शाळा वर्णऐक्याचे प्रतीक म्हणून गाजावी, हा विरोधाभास मोठा आहे. चित्रपटाच्या लोकप्रियतेने तो झाकून टाकला, एवढेच नव्हे तर नावाला एक प्रकारचे संरक्षणही दिले. कारण अनेक माजी विद्यार्थ्यांच्या लेखी 'टी. सी.' ही अक्षरे अधीक्षकांची नव्हे, संघाची होती. नाव बदलण्याची मागणी जुनी असली तरी तिला जोर आला तो २०२० च्या उन्हाळ्यातील देशव्यापी निदर्शनांनंतर. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षण मंडळाने नामांतराचा निर्णय घेतला आणि १ जुलै २०२१ पासून शाळा अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल झाली. 'टायटन्स' हे संघाचे नाव कायम ठेवण्यात आले. शाळेच्या व्यायामशाळेस गेरी बर्टिअर यांचे नाव आहे. तेथील बास्केटबॉलच्या मैदानास २००७ मध्ये अर्ल लॉइड यांचे नाव देण्यात आले, जे या शाळेचे विद्यार्थी कधीच नव्हते.