करकंडचरिउ

दिगंबर मुनी कनकामर यांनी सुमारे अकराव्या शतकात रचलेले अपभ्रंश काव्य, संधी (सर्ग) 10. हिरालाल जैन यांनी संपादलेली आवृत्ती 1934 मध्ये कारंजा येथून प्रसिद्ध झाली. धाराशिव लेण्यांच्या अभ्यासात हा ग्रंथ टाळताच येत नाही.

नायक चंपेचा राजा करकंड. तो दक्षिणेच्या स्वारीवर असताना तेरापूरजवळ (आजचे तेर) मुक्काम करतो. तिथे एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करताना आढळतो. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. जवळच्याच लेण्यातील मूर्तीच्या सिंहासनावरची गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळतो व लेणे भरून जाते. इतके नेमके वर्णन धाराशिवची लेणी ठाऊक असणाऱ्याचेच असावे.

करकंड एकाच धर्माचा नाही. श्वेतांबरांच्या उत्तराध्ययनसूत्रात त्याचे नाव येते. दिगंबर हे सूत्र प्रमाण मानत नाहीत, तरी दिगंबर कनकामरांचा नायक तोच आहे. बौद्धांच्या कुंभकार जातकातही तो आहे. जातकात त्याला ओरबाडलेल्या आंब्यामुळे वैराग्य येते, तर श्वेतांबर टीकाग्रंथांत म्हातारा झालेला बैल पाहून.

प्रमाणग्रंथांबाहेरचा मजकूर बायबलमध्येही असाच येतो. यहूदाच्या पत्रात हनोखाच्या ग्रंथातले भाकीत उद्धृत आहे, पण तो ग्रंथ इथिओपियन परंपरेबाहेरच्या बहुतेक ख्रिस्ती पंथांनी प्रमाण मानलेला नाही. प्रेषित पौल अथेन्समध्ये ग्रीक कवीचे वचन सांगतो. प्रमाणग्रंथांची कुंपणे कथांना अडवत नाहीत, हे दोन्हीकडे दिसते.

धाराशिवची लेणी मुळात जैन की बौद्ध, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात करकंडचरिउ पुरावा म्हणून वापरताना ते काव्य आहे, हे विसरता कामा नये.