बीटचा भाव

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झालं. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके स्वतः होते, निधीसाठी लताबाई पुण्यात गायल्या, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक. देशासाठी गाणं फुकट द्यावं. धंद्यात मात्र नाही!

हे आठवलं शेजारच्या मुलामुळे. तो कॉम्प्युटरवर रॅपच्या बीट्स बनवतो. पहिली बीट नुसत्या ओळखीवर देऊन टाकली. गाणं गाजलं, याचं नावसुद्धा नाही. आता दुसरीला गिऱ्हाईक आलं.

"आजोबा, किती सांगू?"

म्हटलं, आधी ठरव, घर विकतोयस की भाड्याने देतोयस? भाड्याने दिलीस तर पैसे कमी, पण तीच बीट दहा जणांना देता येते. एकालाच कायमची द्यायची, तर त्या दहा भाड्यांचा हिशेब करून भाव सांग.

जुन्या संगीतकारांनी हेच भोगलं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, वेगळा करार नसेल तर सिनेमासाठी केलेल्या संगीताचा मालक निर्माता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. आता हक्क विकले तरी रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून घेता येत नाही. हक्क द्यायचे ते लेखीच. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो.

काल पोरगा कागद घेऊन आला. नाव, रक्कम, मुदत, श्रेय, सही. भाव त्याचा त्यानेच घातला होता. मी फक्त तारीख घालायला सांगितली.