थरथरत्या हाताचा इतिहास

कॅमेरा हातात घेऊन चालले की चित्र हलते, ही तक्रार जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी आहे. आज मोबाइलला जोडायचे गिंबल सहज मिळते आणि लग्नाच्या मांडवापासून वारीच्या वाटेपर्यंत ते सर्रास दिसते. ते विकत घेणारा माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो : चित्र किती कमी हलते? हा प्रश्न अपुरा आहे. कॅमेरा स्थिर करण्याची शंभर वर्षांची खटपट पाहिली, तर कोणती हालचाल काढायची आणि कोणती ठेवायची, हाच खरा वादाचा मुद्दा होता असे दिसते.

हँडल आणि भोवरा

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हँडल फिरवून चालवायचा. एक हात सतत हँडलवर, तोही एकसारख्या गतीने फिरता. मग कॅमेरा धरणार कोण? म्हणून ट्रायपॉड अपरिहार्य होता. सुरुवातीच्या मूकपटांतल्या निश्चल चौकटीचा दोष आपण नाटकाच्या प्रभावाला देतो. तो प्रभाव होताच, पण त्या निश्चलतेमागे हँडल फिरवणाऱ्या हाताची अडचणही होती.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न त्याच सुमारास पोलंडचे संशोधक काझिमिएझ प्रुशिन्स्की करत होते. १९१० च्या आसपास त्यांनी तयार केलेला एरोस्कोप कॅमेरा दाबलेल्या हवेवर चाले. आधी पंपाने हवा भरून ठेवायची, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी दोन्ही हात मोकळे. शिवाय थरथर कमी व्हावी म्हणून आत जायरोस्कोप बसवला होता. त्यामागचे तत्त्व आपल्याला भोवऱ्यामुळे ठाऊक आहे : वेगाने फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडत नाही. हातात धरायच्या कॅमेऱ्याचा आणि तो स्थिर करण्याच्या साधनाचा जन्म असा एकत्रच झाला.

पुढे १९२४ साली मुर्नाऊच्या ‘द लास्ट लाफ’ या जर्मन चित्रपटात छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी कॅमेरा छातीला बांधून दारूच्या नशेतल्या माणसाची नजर दाखवली. १९२५ मध्ये चावीवर चालणारा आयमो आला आणि युद्धवार्तापटांचा लाडका झाला. यातून एक वेगळीच गोष्ट घडली. हलणारे चित्र म्हणजे कॅमेरामन खरोखर तिथे होता, असा अर्थ प्रेक्षकाच्या मनात रुजला. ज्याला दोष म्हणत होते, तोच पुरावा ठरला.

ब्राऊन यांची तोड

१९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राऊन यांनी या प्रश्नाकडे नव्याने पाहिले. गुळगुळीत हलते दृश्य हवे असेल तर रूळ टाकून अवजड ट्रॉली ढकलावी लागे. जिना, खडबडीत जमीन किंवा अरुंद बोळ आला की ट्रॉली हतबल. ब्राऊन यांचा मुद्दा असा : आपण चालतो तेव्हा डोके वरखाली होते, तरी जग हलताना दिसत नाही, कारण अंतर्कर्ण आणि डोळे मिळून ती हालचाल सावरून घेतात. म्हणजे हातातल्या कॅमेऱ्याचा हादरा हा माणसाच्या नजरेचा अनुभव नव्हेच.

त्यांच्या स्टेडीकॅमची रचना तीन गोष्टींवर उभी आहे. पहिली, वजन पसरणे. एका दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि छोटा पडदा. वस्तुमान असे लांबवर वाटले की दांडा चटकन फिरत नाही. दुसरी, गिंबल. जहाजावरच्या होकायंत्राला स्थिर ठेवणाऱ्या कड्यांसारखा हा सांधा दांड्याच्या गुरुत्वमध्याजवळ असतो, त्यामुळे हाताचा पीळ कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरी, स्प्रिंगांचा हात. टेबलावरच्या दुमडत्या दिव्याच्या दांडीसारखा हा हात कॅमेऱ्याचे वजन अंगातल्या जाकिटावर टाकतो आणि पावलागणिक बसणारा हिसका पोटात घेतो. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही, पडद्याकडे पाहत चालायचे; डोक्याचा धक्काही असा वेगळा काढला.

प्रात्यक्षिकासाठी ब्राऊन यांनी काही दृश्ये चित्रित केली. त्यांपैकी एकात त्यांची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते-उतरते. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांनी ती फीत पाहिली आणि त्याच पायऱ्या ‘रॉकी’मध्ये (१९७६) आल्या. त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’मध्ये ब्राऊन क्रेनवरून खाली येतात, क्रेनवरून उतरून गर्दीत चालू लागतात, आणि चौकटीला कुठे जोड दिसत नाही. १९७८ साली ऑस्कर अकादमीने या यंत्राला तांत्रिक पुरस्कार दिला.

पारख कशी करायची

या यंत्राची पारख करण्याची पद्धत साधी आहे. दांडा आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा. खालचे टोक दोन-तीन सेकंदांत खाली यावे. झपकन आले तर तळ फार जड. मग चालणे सुरू करताना आणि थांबताना चौकट लंबकासारखी झुलते. फार सावकाश आले तर दांडा उभा राहायला कुरकुरतो. म्हणजे यंत्र ‘चांगले’ की ‘वाईट’ असा निकाल नसतोच; त्या दिवशीच्या कामासाठी तोल लावलेला असतो.

२०१३ नंतर हाती आलेली मोटारींची गिंबले वेगळ्या वंशातली. त्यांतले संवेदक कॅमेऱ्याचे कलणे, वळणे, झुकणे क्षणोक्षणी मोजतात आणि तीन मोटारी उलट्या दिशेने ते सावरतात. दस्तऐवजीकरणासाठी असे गिंबल मी बरेच वापरले आहे. माझी चाचणी ठरलेली : एकाच दगडी जिन्यावरून तीनदा चालायचे. एकदा मोकळ्या हाताने, एकदा मोबाइलच्या आतल्या स्थिरीकरणावर आणि एकदा गिंबल घेऊन. नजर मात्र दाराच्या उभ्या चौकटीवर. आतले स्थिरीकरण चित्राच्या कडा कापून तोल साधते आणि कमी उजेडात हादऱ्याची धूसर रेघ तशीच राहते. गिंबलवर दाराची चौकट तिरकी होत नाही. पण पावलाबरोबर वरखाली होतेच. कारण तीन मोटारी कोन सावरतात, उंची नव्हे. ते काम ब्राऊन यांच्या यंत्रात स्प्रिंगांचा हात करी. इथे ते आपल्या गुडघ्यांनी करायचे असते. डोक्यावर दोन घागरी घेऊन पाणवठ्यावरून येणाऱ्या बाईची चाल आठवा : कंबर सैल, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल दबके. ती चाल ज्याला साधली, त्याला स्वस्त गिंबलही पुरते.

काय मिळवले, काय गमावले

‘द शायनिंग’मध्ये (१९८०) कॅमेरा जमिनीलगत मुलाच्या तीनचाकी सायकलमागून तरंगत जातो. ती तरंगती नजर कुणा माणसाची वाटत नाही, आणि भीती त्यातूनच येते. ‘रशियन आर्क’मध्ये (२००२) टिलमन ब्यूटनर यांनी हर्मिटाज संग्रहालयातून सुमारे दीड तास एकही काट न घेता स्टेडीकॅम वाहिला. पडद्यावर ते अलगद वाहणे दिसते. खांदे-कंबर मोडून टाकणारे वजन दिसत नाही. उलट बाजूला १९९५ च्या डॉग्मा जाहीरनाम्याने कॅमेरा हातातच हवा, असा नियम केला. आणि आपल्याकडे ‘कोर्ट’ने (२०१४) बहुतांश वेळ कॅमेरा जागचा न हलवता न्यायालयाची संथ निष्ठुरता दाखवली. स्थैर्य चालून साधता येते, तसे थांबूनही.

म्हणून दस्तऐवजाच्या कामात मला गिंबलचा मोह बेताने धरावासा वाटतो. वाड्याची लांबी, लेण्यातला प्रवेश, दिंडीची चाल टिपायला ते उत्तम. जागा नीट वाचता येते. पण म्हातारा शाहीर आठवून आठवून बोलत असताना भोवती तरंगणारा कॅमेरा लावला, तर ऐकणारा माणूसच चित्रातून नाहीसा होतो. पन्नास वर्षांनी ती फीत पाहणाऱ्याला कळायला हवे की समोर कुणीतरी बसले होते आणि हात अवघडला तरी उठले नव्हते. तिथे ट्रायपॉड लावावा, नाहीतर हात थोडा थरथरू द्यावा.